चाकातला कुत्रा आणि विलायती रोस्ट

सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंड आणि वेल्समधल्या कित्येक स्वयंपाकघरांत भिंतीवर उंच एक लाकडी चाक बसवलेलं असायचं आणि त्या चाकात एक आखूड पायांचा कुत्रा चालत असायचा. चाकावरून निघालेली दोरी किंवा साखळी खाली चुलीसमोरच्या लोखंडी सळईला जोडलेली. कुत्रा चालला की सळई फिरायची आणि सळईवरचं मांस सगळीकडून सारखं भाजलं जायचं. या कुत्र्यांना टर्नस्पिट म्हणत.

हे ऐकलं की बहुतेकांना वाटतं, त्या काळी यंत्रं नव्हती म्हणून बिचाऱ्या कुत्र्याला जुंपलं. तसं नाही. सळई फिरवणारी यंत्रं होती, कुत्र्याच्या बरोबरीनं होती, आणि तरीही निदान अडीचशे वर्षं कुत्रा आपली जागा धरून होता. तो का टिकला आणि शेवटी का गेला, हे कळायचं तर आधी मांस भाजायची ती जुनी रीत नीट समजून घ्यावी लागते. कारण कुत्र्याची गरज त्या रीतीतूनच निघाली.

आगीवर नव्हे, आगीसमोर

सिनेमात मशालींच्या उजेडात एक अख्खं डुक्कर ज्वाळांवर फिरताना दाखवतात. विलायती रोस्ट असा होत नसे. मांस आगीच्या वर नाही, समोर असे. भिंतीतल्या मोठ्या चुलीत लाकडं मागच्या भिंतीला टेकवून उभी आग करायची. पुढे दगडी कोळसा आला तेव्हा त्यासाठी उंच, अरुंद जाळी आली, म्हणजे धगीचा एक उभा पडदाच. त्याच्यापुढे, थोडं अंतर सोडून, आडवी सळई. सळईखाली मांसातून गळणारी चरबी झेलायला लांबट लोखंडी ताट.

या मांडणीत धूर सरळ धुराड्यात जातो, मांसाला लागत नाही. चरबी आगीत पडत नाही, त्यामुळे भडका उडत नाही आणि मांसाला जळकट वास येत नाही. मांस भाजतं ते समोरून येणाऱ्या किरणांच्या उष्णतेनं. पण किरणांची एक अडचण आहे: ते एका बाजूनंच येतात. आगीकडे तोंड असलेली बाजू तापते, पाठीमागची बाजू गार होत राहते.

म्हणून फिरवणं. सळई फिरती राहिली की मांसाचा प्रत्येक भाग थोडा वेळ धगीसमोर येतो, तापतो, आणि करपायच्या आत पाठीमागे जातो. तिथे त्याला उसंत मिळते. वरच्या थरात साठलेली उष्णता तेवढ्या वेळात आत सरकते. पुन्हा समोर, पुन्हा मागे. बाहेरून खरपूस आणि आतून रसदार असा जो विलायती रोस्टचा लौकिक होता, तो या आळीपाळीतून येतो. दुसरं म्हणजे, वितळलेली चरबी फिरत्या मांसावरून घरंगळत राहते, ते आपसूक माखलं जातं. सळई थांबली की तीच चरबी खालच्या अंगाला जमून ताटात गळून जाते, समोरची बाजू काळी पडायला लागते आणि मागची थंडावते. पाच-सात मिनिटांचा खोळंबासुद्धा मांसावर डाग सोडून जातो.

आणि हे चालायचं किती वेळ? इंग्रजी स्वयंपाकात जुना हिशेब असा: एका पौंडाला पाव तास. बारा पौंडांचा, म्हणजे साधारण साडेपाच किलोचा, गोमांसाचा तुकडा असला तर ३ तास. या तीन तासांत कोणीतरी सळई एकसारखी, संथपणे, न थांबता फिरवायची. काम जोराचं नाही, कंटाळ्याचं आहे. आणि ते धगीच्या तोंडाशी करायचं आहे.

सळईवर मांस चढवणं

सळई गोल नसे. गोल सळईत मांस नुसतं ओवलं तर सळई आत फिरते आणि मांस जागच्या जागी लोंबकळत राहतं. म्हणून सळई चपटी किंवा चौकोनी घडवत. एक टोक टोकदार, दुसऱ्या टोकाला हातानं फिरवायची मूठ किंवा खाचा पाडलेली कप्पी. चांगल्या कप्पीला वेगवेगळ्या व्यासाच्या दोन-तीन खाचा असत. दोरी मोठ्या खाचेत घातली की सळई सावकाश फिरे, लहान खाचेत घातली की भरभर. मोठ्या तुकड्याला संथ फेरा, पाखराला जलद. सळईला मधे भोकं असत, त्यांतून आडवे खिळे घालून मांस जखडत. काही सळयांना सरकता दुतोंडी काटा असे. कोवळं डुक्कर किंवा मासा यांना भोक पाडायचं नसेल तर पिंजऱ्यासारखी सळई वापरत. तिच्या उभ्या पट्ट्या मांसाला बाहेरून आवळून धरतात.

खरी कसोटी तोल साधण्यात. मांसाच्या तुकड्यात एका अंगाला हाड असतं, एका अंगाला चरबी. सळई नेमकी भारमध्यातून गेली नाही तर जड बाजू खाली जाऊन बसते. वर चढताना सळई अडकते, खाली येताना धावते. मग जी बाजू धगीसमोर रेंगाळते ती करपते आणि जी पळते ती कच्ची राहते. म्हणून आगीसमोर नेण्याआधी सळई दोन टोकांवर टेकवून सोडून द्यायची, जी बाजू खाली येईल तिच्या विरुद्ध अंगाला वजन बांधायचं किंवा सळई काढून पुन्हा खुपसायची. पुन्हा खुपसणं शक्यतो टाळत, कारण प्रत्येक भोकातून रस गळतो.

बरं, एकदा तोल साधला म्हणजे सुटलं असंही नाही. भाजताना मांस आकसतं, खिळे सैल होतात. एका बाजूची चरबी वितळून गेली की त्या बाजूचं वजन कमी होतं. तासाभरानं तोल बदललेला असतो. चाणाक्ष आचारी सळईच्या आवाजावरून हे ओळखत असणार. फेऱ्यात एक ठेका पडू लागला की समजावं.

बाकीची रीत थोडक्यात. सुरुवातीला मांस आगीपासून लांब, मग हळूहळू जवळ. चरबीच्या बाजूवर लोणी माखलेला कागद बांधायचा, म्हणजे ती आधीच जळून जात नाही. ताटातली चरबी लांब दांड्याच्या पळीनं पुन्हा पुन्हा वर ओतायची. शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत कागद काढून मैद्याची भुकटी भुरभुरायची आणि लोणी सोडायचं, म्हणजे वर बारीक फेस येऊन खरपूस पापुद्रा धरतो. ताटात उरलेली चरबी ही आचाऱ्याची वरकमाई मानली जाई. तो ती बाहेर विकायचा. मालकिणी आणि आचारी यांच्यातल्या कुरबुरींचं हे एक कायमचं कारण.

आधी पोरं होती

कुत्र्याच्या आधी हे काम माणसांकडे होतं. बहुतेक वेळा मुदपाकखान्यातल्या सगळ्यांत खालच्या पायरीवरच्या पोरांकडे. भांडी घासणं, राख काढणं, लाकडं वाहणं आणि सळई फिरवणं. धगीपासून आडोसा म्हणून पाण्यात भिजवलेला गवताचा भारा पुढे ठेवत, असं सांगतात.

आठव्या हेन्रीच्या दरबारात हे काम किती मोठ्या प्रमाणावर चाले याची कल्पना लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यावरून येते. तिथला मुदपाकखाना सुमारे ६०० माणसांना दिवसातून दोनदा जेवू घालण्यासाठी बांधला होता आणि त्याच्या मोठ्या दालनात भाजणीच्या सहा चुली होत्या. १५२६ मध्ये राजाचा मुख्य मंत्री कार्डिनल वुल्सी यानं राजाच्या घरखर्चाला शिस्त लावण्यासाठी एल्टमचे नियम म्हणून ओळखले जाणारे हुकूम काढले. त्यात मुदपाकखान्यातल्या पोरांबद्दल एक कलम आहे. मुख्य आचाऱ्यांनी त्यांना कपडे पुरवावेत, त्यांनी नागडं किंवा आत्ता घालतात तसल्या गलिच्छ चिंध्यांत फिरू नये, आणि रात्री-दिवसा चुलीशेजारी जमिनीवर पडून राहू नये. ज्या अर्थी हुकूम काढावा लागला, त्या अर्थी ती पोरं नेमकं हेच करत होती. उघड आहे: एवढ्या धगीसमोर कपडे नकोसे होतात, आणि हिवाळ्याच्या रात्री राजवाड्यात सर्वांत उबदार जागा चुलीचीच.

राजाला सहा चुलींसाठी पोरं ठेवणं परवडे. गावातल्या खानावळीला किंवा मध्यम घराला एक पोर तीन तास नुसती सळई फिरवण्यात अडकवणं जड जाई. त्या वेळात तीच पोर पाणी भरते, भाज्या चिरते, गिऱ्हाइकाच्या घोड्याकडे बघते. कुत्रा आला तो या जागी, आणि म्हणून खानावळींत जास्त दिसतो.

चाक आणि त्यातला कुत्रा

लेखी नोंद सोळाव्या शतकातली. केंब्रिजचे वैद्य जॉन कायस यांनी १५७० मध्ये इंग्लिश कुत्र्यांवर लॅटिनमध्ये एक पुस्तिका लिहिली, १५७६ मध्ये तिचं इंग्रजी झालं. त्यात स्वयंपाकाच्या कामातल्या एका कुत्र्याचा उल्लेख आहे: मांस भाजायचं असलं की हा चाकात शिरतो, अंगाच्या वजनानं ते फिरवतो, आणि इतकं मन लावून की कोणा पोऱ्याला हे काम याहून सफाईनं जमणार नाही. म्हणजे तेव्हा ही गोष्ट नवलाची राहिली नव्हती.

चाकाची रचना सोपी. दोन लाकडी कडी, त्यांच्यामध्ये आतल्या बाजूनं फळ्या ठोकलेल्या, पाय घसरू नयेत म्हणून त्यांवर आडव्या पट्ट्या. एक बाजू आऱ्यांनी बंद, दुसरी उघडी. तिथून कुत्रा आत ठेवायचा. आस भिंतीत किंवा तुळईत रोवलेला. आसावर एक छोटी खाचेची फिरकी, तिच्यावरून दोरी खाली सळईच्या कप्पीकडे. दोरी चुलीजवळ सुकते, ताणते, तेलकट होऊन घसरते, म्हणून धगीजवळच्या भागात साखळी बरी. आपल्याकडे घाण्याचा बैल स्वतः गोल फिरतो; इथे कुत्रा जागच्या जागी चालतो आणि चाक त्याच्या पायाखालून निघून जातं.

आता थोडं गणित करू. समजा चाकाचा व्यास ७५ सेंटिमीटर आहे. परीघ सुमारे २.३५ मीटर. कुत्रा सावकाश, सेकंदाला एक मीटर या चालीनं चालला तर चाक मिनिटाला २५ फेरे घेईल. एवढ्या वेगानं मांस फिरवायचं नाही. म्हणून चाकावरची फिरकी लहान आणि सळईवरची कप्पी मोठी. फिरकी २ इंची आणि कप्पी १० इंची असेल तर सळई पाचपट हळू, म्हणजे मिनिटाला ५ फेरे. नेमका हवा तसा वेग. आणि या तीन तासांत कुत्रा किती चालला? ताशी ३.६ किलोमीटरनं जवळपास ११ किलोमीटर, एकाच जागी.

जोराचा हिशेब आणखी मजेशीर आहे. दहा किलोचा कुत्रा चाकाच्या तळापासून १० सेंटिमीटर पुढे सरकला तरी चाकावर जवळपास १० न्यूटन-मीटरचं पीळबल, म्हणजे फिरवणारा जोर, येतं, आणि दोरीतून सळईला पोचेपर्यंत ते पाचपट होतं. तोल साधलेलं मांस फिरवायला याच्या एक दशांशही लागत नाही. म्हणजे ताकदीच्या बाबतीत कुत्रा या कामाला गरजेपेक्षा कितीतरी जास्त होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, यंत्रांशी तुलना करताना ती निर्णायक ठरते.

कुत्र्याला त्रास होई तो उष्णतेचा. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून, जिभेवरून पाणी उडवून थंड होतो, आणि भोवतीची हवा तापली की ही युक्ती लंगडी पडते. चाक धगीपासून दूर असावं म्हणून ते उंच, छताजवळ बसवत. यानं किरणांची झळ कमी होते हे खरं, पण गरम हवा वरच साठते. तेव्हा कुत्र्याच्या वाट्याला थेट धग नसली तरी स्वयंपाकघरातली सर्वांत तापलेली हवा येई. मोठ्या भाजणीला एका कुत्र्यावर भागत नसे. बऱ्याच ठिकाणी दोन कुत्रे ठेवून त्यांना आळीपाळीनं चढवत, आणि आपली पाळी नसताना चढवलं तर कुत्रा कुरकुर करतो, अशा गोष्टी तेव्हाच्या लिखाणात वारंवार येतात. कुत्रा मंदावला की त्याच्या पायाशी निखारा टाकून त्याला पळवत, हेही येतं. चाकात टाकलेली कुठलीही वस्तू घरंगळून तळाशी, म्हणजे बरोबर कुत्र्याच्या पायांपाशी येते. त्याला थांबायला जागा उरत नाही. क्रूरपणाला बारकावा लागतो, तो असा.

कुत्र्यांनाही कामाची चाहूल लागे. हेन्री विगस्टेड हा इंग्रज १७९७ मध्ये चित्रकार टॉमस रोलंडसनबरोबर वेल्समध्ये फिरला. न्यूकॅसल एम्लिन इथल्या खानावळीत त्यांना असा कुत्रा दिसला. रोलंडसननं तिथल्या स्वयंपाकघराचं चित्र काढलं, त्यात भिंतीवरच्या चाकात कुत्रा आहे. विगस्टेडनं लिहिलंय की आचारी मांसाच्या कोठीकडे जाताना कुत्र्याला दिसू नये याची फार काळजी घेतात; दिसला तर कुत्रा दिवसभर लपून बसतो आणि पाहुण्याला साध्यासुध्या जेवणावर समाधान मानावं लागतं.

रविवारी हेच कुत्रे चर्चमध्ये जात. थंड दगडी फरशीवर धन्याच्या पायाशी ऊब म्हणून. बाथ शहरातली एक दंतकथा सांगतात: धर्मगुरूंनी बायबलमधल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या दर्शनातल्या चाकांचं वर्णन सुरू केलं, आणि ‘चाक’ हा शब्द कानावर पडताच सगळे टर्नस्पिट शेपटी घालून दाराकडे पळाले. खरी असो नसो, बाथमध्ये असे कुत्रे पुष्कळ होते म्हणूनच ती तिथे रुजली.

आखूड पाय कशासाठी

जुन्या चित्रांत हा कुत्रा लांब धडाचा, बुटका, बहुतेकदा वाकड्या पायांचा दिसतो. कारण चाकाच्या मापात आहे. चाक जितकं मोठं तितकं ते जड, महाग आणि जागा खाणारं. अडीच-तीन फुटांच्या चाकात उंच पायांच्या कुत्र्याची पाठ आसाला लागेल. लांब धड असलं की वजन दाबून ठेवता येतं, आखूड पाय असले की मान न वाकवता चालता येतं.

आखूड पाय ही निसर्गात आपोआप येणारी गोष्ट आहे. डॅक्सहुंड, बॅसेट, कॉर्गी या जातींच्या आखूड पायांमागे एफजीएफ४ या जनुकाची एक जादा प्रत असते, हे २००९ मध्ये दाखवलं गेलं. या प्रतीमुळे हातापायांच्या लांब हाडांची वाढ लवकर थांबते. टर्नस्पिटमध्येही असंच काही असणार, असा अंदाज करता येतो. पण आज ज्याला आपण ‘जात’ म्हणतो तशी ती काटेकोर जात नव्हती. नोंदवह्या नव्हत्या, वंशावळी नव्हत्या. रंग कुठलाही, केस कसेही. चाकात मावणारा आणि चालत राहणारा कुत्रा म्हणजे टर्नस्पिट. काम गेलं तेव्हा जात का गेली, याचं उत्तर यात आहे. या कुत्र्याला दिसण्यासाठी कोणी पाळत नव्हतं. कुरूप, केविलवाणा, सदा संशयानं बघणारा असंच त्याचं वर्णन आढळतं, आणि काम संपल्यावर त्याची पैदास करायचं कारण उरलं नाही.

यंत्रं होती, तरीही

आता मूळ प्रश्न. कायस यांची पुस्तिका १५७० सालची. त्याच वर्षी व्हेनिसमध्ये पोपच्या आचाऱ्याचं, बार्तोलोमेओ स्काप्पी याचं, स्वयंपाकावरचं जाडजूड पुस्तक छापलं गेलं आणि त्यातल्या एका चित्रात घड्याळाच्या यंत्रासारख्या दातेरी चाकांवर तीन सळया एकदम फिरताना दाखवल्या आहेत. त्याच्याही जवळपास शंभर वर्षं आधी लिओनार्दो दा विंचीनं धुराड्यात पंखा बसवून सळई फिरवण्याची योजना कागदावर उतरवली होती. ऑटोमन साम्राज्यातल्या तकी अल-दीन या शास्त्रज्ञानं १५५१ मध्ये वाफेच्या झोतावर फिरणाऱ्या सळईचं वर्णन केलं. तेव्हा कुत्रा हा यंत्राच्या आधीचा टप्पा नव्हता. तो यंत्राचा प्रतिस्पर्धी होता. आणि प्रत्येक यंत्रात काहीतरी खोट होती.

धुराड्यातला पंखा घ्या. धुराड्याचा गळा जिथे अरुंद होतो तिथे पंखा आडवा बसवायचा. वर जाणारी गरम हवा त्याची पाती फिरवते, उभ्या दांड्यातून आणि दातेरी चाकांतून ती गती बाहेर येते, तिथून साखळीनं सळईला. कल्पना देखणी आहे, कारण आग वाढली की मांस आपोआप भरभर फिरतं, आग मंदावली की हळू. चावी नको, वजन नको. पण पंखा फिरायला आग मोठी लागते. दोन कोंबड्या भाजायच्या असल्या तरी चूल पेटवायची बैलाएवढी. शिवाय पंख्यावर काजळी साठते, वंगण जळून जातं, आणि दुरुस्तीसाठी माणसाला धुराड्यात चढावं लागतं. मोठे वाडे, महाविद्यालयांची भोजनगृहं, यांना हे जमे.

वजनाचं यंत्र जास्त पसरलं. चुलीच्या वरच्या भिंतीवर दातेरी चाकांची चौकट, त्यात एक पिंप, पिंपाला दोरी, दोरीला दगडाचं किंवा लोखंडाचं वजन. हँडल फिरवून दोरी पिंपावर गुंडाळली की वजन वर चढतं. सोडलं की ते सावकाश खाली येतं आणि चाकं फिरवतं. वजन धाडकन खाली येऊ नये म्हणून शेवटच्या चाकाला पंख्यासारखी फिरकी. तीच वेगाला लगाम घालते.

त्याचं गणित पाहा. २५ किलोचं वजन २ मीटर खाली आलं तर सुमारे ४९० ज्यूल ऊर्जा मिळते. ती २० मिनिटं पुरवायची तर दर सेकंदाला ०.४ ज्यूल. म्हणजे अर्ध्या वॅटहूनही कमी, आणि त्यातली बरीच दातेरी चाकांच्या घर्षणात जाते. मिनिटाला ४ फेऱ्यांवर सळईला मिळणारं पीळबल, घर्षण सोडून दिलं तरी, १ न्यूटन-मीटरच्या आसपास. इथे तोलाचा प्रश्न उलटून येतो. ५ किलोच्या मांसाचा भारमध्य सळईपासून २ सेंटिमीटर बाजूला असला की हे सगळं पीळबल त्यातच संपतं आणि यंत्र थांबतं. आचारी वळून बघेपर्यंत एक बाजू काळी. दर वीस मिनिटांनी वजन वर चढवायला माणूस हवा तो वेगळाच. दोरी कप्प्यांतून फिरवून किंवा वजन अधिक उंचावरून सोडून वेळ वाढवता येतो. कप्पी लावली तर वेळ वाढते त्या प्रमाणात वजनही वाढवावं लागतं.

कुत्र्याला ही अडचणच नव्हती. तोल थोडा चुकला तर तो दोन पावलं वर चढतो, जोर आपोआप वाढतो. वेडंवाकडं कापलेलं मांस, सैल खिळे, घाईत खुपसलेली सळई, सगळं तो निभावून नेई. खानावळीच्या धांदलीत हेच लागतं. त्यात तो उरलंसुरलं खाऊन राहतो आणि बिघडला तर लोहार बोलवावा लागत नाही. नोकरपोरांचं गणितही महाग होत गेलं: १७७७ मध्ये ब्रिटिश सरकारनं अमेरिकेतल्या युद्धाच्या खर्चासाठी पुरुष नोकरांवर माणशी वर्षाला एक गिनी कर बसवला. कुत्र्यावरचा कर १७९६ मध्ये आला.

मग गेला कसा

दोन गोष्टींनी. पहिली म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेलं स्प्रिंगचं यंत्र. बाटलीच्या आकाराच्या पितळी नळकांड्यात चावी द्यायची स्प्रिंग, खाली आकडा, आकड्याला मांस उभं टांगायचं. ते थोडं एका दिशेला फिरतं, मग उलट. यात आडवी सळईच नाही, त्यामुळे तोल साधण्याची कटकट गेली. टांगलेली वस्तू आपला भारमध्य आपणच आकड्याखाली आणते. समोर आग, मागे धग परतवणारा पत्र्याचा अर्धगोल आडोसा, त्याच्या पाठीला दार, दारातून पळीनं चरबी ओतायची. मोठ्या तुकड्याला हे यंत्र कमी पडे, पण छोट्या घराची रविवारची भाजणी त्यावर सहज होई. ज्या जागी कुत्रा बळकट होता ती जागा यानं घेतली.

दुसरी गोष्ट चुलीचीच. उघड्या आगीत बहुतेक धग धुराड्यात वाया जाते, हे शास्त्रज्ञ काउंट रम्फर्ड यांनी १७९० च्या दशकात ठासून मांडलं आणि बंद चुलींचे नमुने दिले. एकोणिसाव्या शतकात ओतीव लोखंडाच्या बंद चुली आणि त्यांतल्या भट्ट्या घराघरांत गेल्या. भट्टीत धग सगळीकडून येते, त्यामुळे फिरवण्याची गरजच संपते. आज ज्याला रोस्ट म्हणतात तो खरं तर भट्टीत भाजलेला असतो. जुन्या आचाऱ्यांनी त्याला रोस्ट म्हटलं नसतं, आणि चवीच्या बाबतीत त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. बंद भट्टीत वाफ कोंडते, पापुद्रा तसा धरत नाही.

कायद्यानं कुत्र्याला सोडवलं असं कधी कधी लिहिलं जातं. ब्रिटनमध्ये कुत्र्यांना गाडीला जुंपण्यावर बंदी आली ती लंडनपुरती १८३९ मध्ये आणि देशभर १८५४ मध्ये. पण ती गाड्यांवर होती, आणि तोवर चाकातला कुत्रा दुर्मीळ झालाच होता. चाकातलं काम मात्र सगळीकडे संपलं नव्हतं. अमेरिकेतल्या शेतघरांत एकोणिसाव्या शतकात लोणी घुसळायला कुत्रे, मेंढ्या, बकऱ्या यांना उतरत्या पट्ट्यावर चालवत.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या किंवा तिकडे जाणाऱ्या वाचकांसाठी: वेल्समधल्या ॲबरगॅव्हेनीच्या संग्रहालयात पेंढा भरलेला एक टर्नस्पिट आहे, नाव व्हिस्की. विल्टशरमधल्या लॅकॉक गावी जॉर्ज इन या खानावळीत आणि ग्लॉस्टरशरमधल्या सेंट ब्रिएव्हल्सच्या किल्ल्यात कुत्र्याचं चाक बघायला मिळतं. इतर जुन्या घरांत नुसती चूल उरलेली असते, तिथे सळई कोण फिरवत होतं हे थोडं निरखलं तर कळतं. चुलीच्या माथ्यावर दातेरी चाकांची चौकट आणि तिच्या वर कप्प्यांचे आकडे असतील तर वजनाचं यंत्र. धुराड्याच्या भिंतीतून आडवा दांडा बाहेर आलेला असेल तर आत पंखा. चुलीच्या फळीखाली मधोमध एकच मजबूत आकडा असेल तर स्प्रिंगची बाटली. आणि चुलीच्या वर किंवा बगलेला, माणसाच्या डोक्याच्याही वर, भिंतीत आसाचं जाड खोबण आणि त्याच्याभोवती चाकापुरती मोकळी जागा सोडलेली असेल तर तिथे कुत्रा चालत होता.